मंगळवारचं पाणी

“मग नदी पास झाली म्हणायची?”

इमामचाचांनी विचारलं.

“पहिल्या वर्गात,” मॅडम म्हणाल्या. “तीन वर्षं, छत्तीस महिने, अकरा ठिकाणं. एकही आकडा धोक्याच्या रेषेच्या वर नाही.”

चाचांनी चुलीत एक काटकी सारली.

मी सर्जेराव. पाणी तपासणीच्या कचेरीतला जीपचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं झाली. पहिली चौदा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर इमामचाचा मुजावर बसायचे, नंतरची पाच डॉक्टर कृत्तिका ऐनापुरे मॅडम. दोघांच्या मांडीवर पेटी तीच, बाटल्या त्याच. तेव्हा जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते सांगायचा मला हक्क आहे. कुणाला नसेल वाटत तर नसो, मी सांगणारच.

चाचा दहावी शिकलेले. कचेरीत त्यांचं काम एकच, सोनवळ नदीच्या खोऱ्यात फिरायचं आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या. ते त्यांनी बावीस वर्षं केलं. शेवटच्या वर्षी मॅडम कचेरीत नव्या आल्या, तेव्हा मागच्या सीटवर बसायच्या. डॉक्टरेट झालेली बाई, पण बाटली धरायला चाचांकडूनच शिकली. बाटली नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळायची. पाण्यात उभं राहताना तोंड वरच्या अंगाला करायचं, म्हणजे आपल्या पायानं ढवळलेला गाळ आपल्याच बाटलीत येत नाही.

मॅडम ते विसरल्या नाहीत. माणूस म्हणून गर्विष्ठ, पण कामाला चोख. दोन्ही खरं आहे.

चाचा रिटायर होऊन गावी गेले होते. गेल्या दिवाळीत त्यांचे थोरले भाऊ वारले आणि भोईवाडीच्या घाटावरच्या पीराची सेवा त्यांच्याकडे आली. तेव्हापासून ते दर्ग्याशेजारच्या खोलीत राहतात. घाट खोलीपासून पन्नास पावलांवर.

त्या दिवशी अहवाल छापून आला होता. जाड, गुळगुळीत कागदाचा. दुपारी तीनला कलेक्टर कचेरीत तो मांडायचा होता, म्हणून जीप दिवसभर मॅडमकडे होती. मॅडम म्हणाल्या, सर्जेराव, आधी चाचांकडे घ्या, पहिली प्रत त्यांच्या हातात द्यायची. मला बरं वाटलं. गुरूची आठवण ठेवली, म्हटलं.

चाचांनी अहवाल घेतला. उघडला नाही, मांडीवर ठेवला.

“आणि वाडीची फाईल?”

“कसली?”

“भोईवाडीला पाणी शुद्ध करायची टाकी मागितलीय. दोन वर्षं झाली. फाईलवर शेरा आहे, पाण्याचा अहवाल येईपर्यंत थांबावे.”

“ती आज बंद होईल,” मॅडम म्हणाल्या. “टाकीची गरजच नाही, हे आता सिद्ध झालंय.”

आनंदाची बातमी द्यावी तसं त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी होतीच ती आनंदाची.

चाचांनी किटली माझ्यापुढं धरली.

“सर्जेराव, किटली घे. घाटावरनं भरून आण. चहा टाकू.”

“रांजणात पाणी आहे की, चाचा.”

“आज घाटावरचं.”

म्हाताऱ्या माणसाला उलट बोलू नये. मी गेलो. उन्हाळ्याची नदी, गुडघाभर पाणी, तळातले गोटे मोजून घ्यावेत इतकं नितळ. वास नाही, रंग नाही. घाटावर कुणी बाई मात्र दिसली नाही. एरवी आम्ही येतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. माझ्या मनात तेव्हा काहीच आलं नाही. एकोणीस वर्षं स्टिअरिंग धरून माणूस रस्त्याकडे बघायला शिकतो, नदीकडे नाही.

परत आलो तर चाचा अहवालाचं मुखपृष्ठ निरखत होते. त्यावर फोटो होता. वाडीतली कोंडाबाई कमरेवर घागर घेऊन घाटाच्या पायरीवर उभी. घागरीला हळदीकुंकू लावलेलं. मागे दहाबारा बायका. खाली छापलं होतं, ‘श्रद्धा आणि शुद्धता’.

“फोटो कुणी काढला?”

“मीच.”

“कधी?”

मॅडमनी आतलं पान उलटलं. “चौदा मार्च.”

“वार?”

“वार कुठं लिहितो आपण? तारीख, वेळ, तापमान, हवामान. रकाने तुम्हीच शिकवलेत, चाचा.”

“शिकवले खरे.” चाचांनी किटलीतलं पाणी पातेल्यात ओतून चुलीवर ठेवलं. “या बाया रोज येतात का गं अशा, कुंकू लावून?”

“रोजचं माहीत नाही. मी येते तेव्हा असतात. देवीचा वार ना मंगळवार.”

“म्हणजे तू मंगळवारी येतेस.”

“दर महिन्याचा पहिला मंगळवार. कधी दुसरा. जीप मंगळवारीच मोकळी असते.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

काय सांगणार? सोमवारी जीप साहेबांच्या बैठकीला. बुधवारपासनं शनिवारपर्यंत शेजारच्या खोऱ्यात. राहिला मंगळवार. माझ्या नोकरीच्या आधीपासनं असंच चालत आलंय.

“हो,” मी म्हटलं. “मंगळवारच.”

पाणी उकळलं. चाचांनी पत्ती टाकली, साखर टाकली, वरून दूध ओतलं.

चहा फाटला.

दुधाच्या गुठळ्या वर आल्या आणि खाली तपकिरी पाणी राहिलं. मॅडम हसल्या.

“दूध शिळं असणार.”

चाचांनी दुसरं पातेलं घेतलं. रांजणातलं पाणी त्यात ओतलं, उकळू दिलं. तीच पत्ती, तीच साखर, त्याच तांब्यातलं दूध.

हा चहा झाला, चांगला घट्ट.

दोन्ही भांडी त्यांनी शेजारी शेजारी ठेवली.

“रांजणातलं पाणी कुठलं?” मॅडमनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

“त्याच घाटावरचं. कोंडाबाईनं भरून ठेवलंय.”

“कधी?”

“काल.”

काल मंगळवार होता.

मॅडमनी पर्समधून एक छोटी डबी काढली. पाण्यात बुडवून बघायच्या कागदी पट्ट्या असतात तिच्यात, पाणी आंबट आहे की क्षाराचं ते रंगावरून कळतं. किटलीत मी आणलेलं थोडं पाणी उरलं होतं. त्यात एक पट्टी बुडवली. तिच्याकडे बघितलं, डबीवरच्या रंगांकडे बघितलं, मग पुन्हा पट्टीकडे. दुसरी पट्टी काढली, ती बुडवली. तिसरी काढली नाही.

“कोंडाबाई,” चाचांनी हाक मारली. “जरा इकडं ये.”

कोंडाबाई रोज सकाळी दर्ग्याची पायरी झाडते. हातातला खराटा घेऊनच आली. साठीची बाई, काटक. फोटो बघून म्हणाली, “आगं बया, मी हाय व्हय ही?” आणि पदर नीट केला.

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही मंगळवारीच पाणी का भरता?”

“चांगलं येतंय म्हणून.”

“देवीचा वार म्हणून नाही?”

“देवीला काय, कुठलाबी वार चालतोय.” तिनं खराटा भिंतीला टेकवला. “सोमवारी वर कारखान्यांला विजेची सुट्टी असती. सूत धुवायचं हौद बंद. त्येंचा सोमवार हितवर यायला एक रात लागती. मंगळवारी पाणी गोड. बाकीचं सहा रोज डाळ शिजत न्हाई, चा फाटतोय, हातपाय उलत्यात. म्हणून मंगळवारी आठवड्याचं पिण्याचं भरून ठेवायचं. माझी सासूबी तसंच करायची.”

“आणि कुंकू?”

“आठवड्यातनं एकदा नदी परत येती. मग कुंकू नको व्हय लावायला?”

मॅडम म्हणाल्या, “अहो, पण हे कचेरीला कळवायचं नाही का?”

“चार अर्ज दिलं की. पाणी वंगाळ हाय म्हणून. तुमी यायच्या, बाटली भरून न्यायच्या. मागनं कागद यायचा, पाणी चांगलं हाय.”

“निदान वाराचं तरी बोलायचंत.”

कोंडाबाईनं नवल वाटल्यासारखं बघितलं.

“बाई, आमाला वाटलं तुमाला ठावं हाय. तुमीबी मंगळवारीच येता की. आमी म्हनायचो, ह्येंनाबी चांगलंच पाणी न्यायचं असंल.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ती बाई मनापासून बोलत होती, आणि ते ऐकून माझी मान खाली गेली. मी तर नुसता ड्रायव्हर.

मॅडमनी अहवाल चाचांच्या मांडीवरून उचलला. चाळू लागल्या. पाठीमागच्या पानांवर त्या थांबल्या. तिथं तक्रारींची यादी होती आणि प्रत्येक तक्रारीपुढे कचेरीचं उत्तर.

“गेल्या उन्हाळ्यात इथलं एक बालक…” त्या वाचत होत्या. “वय दोन वर्षे. उलट्या.”

“माझा नातू,” कोंडाबाई म्हणाली.

मॅडमनी पानावरून मान वर केली.

“पाव्हणं आलं हुतं सुनंच्या माहेरचं. धा माणसं. शुक्रवारीच रांजण तळाला गेला. सुनंनं घाटावरचं आणून पाजलं. पोरगं रडाय लागलं पाणी पाणी करून, ती तर काय करंल? तीन रोज वकत हुतं.” तिनं खराटा पुन्हा हातात घेतला. “दवाखान्यातल्या डागदरनं लिहून दिलतं, पाण्यानं झालं म्हणून. त्येचाबी कागद आला मागनं.”

तो कागद मला माहीत आहे. माझ्याच जीपमधून गेला होता. डॉक्टरचं पत्र आल्यावर मॅडम मुद्दाम घाटावर आल्या होत्या, नमुना घेतला होता, एकदा नाही, दोनदा. येताना वाटेत बोलत नव्हत्या, इतकं मनावर घेतलं होतं. पण आल्या त्या पुढच्या मंगळवारी. कागदावर लिहिलं, ‘पाण्याशी संबंध आढळला नाही.’ खाली सही, कृ. ऐनापुरे.

कोंडाबाई पायरी झाडायला निघून गेली. तिच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

मॅडम चाचांकडे वळल्या. आवाज चढला होता.

“तुम्हाला माहीत होतं.”

“दिवाळीपासनं. इथं राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात चहा फाटला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“दोनदा निरोप धाडला.”

खरं होतं ते. दोन्ही निरोप मीच पोचवले होते. ‘मंगळवार सोडून कधीही ये.’ एवढंच. मॅडम म्हणाल्या होत्या, चाचा मंगळवारचा उपास धरतात की काय? आणि मीही हसलो होतो.

“असा निरोप?” मॅडम म्हणाल्या. “कोडं घालत होतात? इथं माणसं पाणी पितायत, चाचा. स्पष्ट चार ओळी लिहिल्या असत्या तर मी त्याच दिवशी आले असते.”

चाचांनी मान हलवली.

“खरंय तुझं,” ते म्हणाले. “चुकलंच ते.”

चाचांनी घाटाकडे बोट केलं.

“बावीस वर्षं, पोरी. बावीस वर्षं मी या घाटावर मंगळवारीच आलो. बाटली तीनदा विसळली. तोंड वरच्या अंगाला केलं. माझ्या पायाचा गाळ कधी बाटलीत येऊ दिला नाही. या वाडीतली किती पोरं त्या बावीस वर्षांत… मला ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही. तुला काय लिहू? तू माझ्याकडनंच शिकलीस. पत्र लिहायला बसायचो आणि लाज वाटायची. कागद फाडायचो. लाजेपोटी माणूस कोडी घालतो, दुसरं काय.”

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. लपवून वगैरे नाही. मी त्यांना चौदा वर्षांत रडताना बघितलं नव्हतं.

मॅडम उभ्याच होत्या. त्यांचा राग कुठं गेला कळलं नाही. त्या खाली बसल्या, जमिनीवरच. इस्त्रीची साडी होती, बैठकीसाठी नेसलेली.

“वर्षाला बारा,” त्या हळू बोलल्या. “तीन वर्षांचे छत्तीस. सगळे खरे आकडे आहेत, चाचा. एकही खोटा नाही.”

“नाहीच.”

“मग?”

चाचांनी फाटलेल्या चहाचं भांडं उचललं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. आणखी काही केलं नाही.

मॅडम त्या भांड्याकडे बघत राहिल्या.

बारा वाजून गेले होते. इथनं कलेक्टर कचेरी दोन तासांवर. मी घड्याळ बघितलं. माझ्या मनात काय होतं सांगू? वाटत होतं, ही बाई आता उठेल, साडी झटकेल आणि म्हणेल, चला सर्जेराव, एवढी बैठक उरकू, मग बघू. नोकरीतली माणसं असंच करतात. मीही तेच केलं असतं. या अहवालावर त्यांची बढती होती, तेही मला माहीत होतं.

त्यांनी फोन लावला.

“सर, ऐनापुरे बोलतेय. अहवाल आज मांडायचा नाही… नाही सर, छपाईची चूक नाही. माझी आहे.”

पलीकडनं बराच वेळ आवाज येत होता. मोठा आवाज. त्या ऐकून घेत होत्या.

“हो सर. लेखी देते. भोईवाडीची फाईल बंद करू नका, माझ्या सहीनं थांबवा. आणि त्या बालकाच्या तक्रारीवरचं माझं उत्तर मी मागे घेतेय… हो सर. परिणाम माहीत आहेत.”

फोन ठेवला.

“सर्जेराव, पेटी काढा.”

जीपमधनं पेटी काढून दिली. मॅडमनी चपला पायरीवर काढल्या. चाचांना विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. साडीसकट पाण्यात उतरल्या. गुडघाभर पाण्यात गेल्या, तोंड वरच्या अंगाला केलं, पायाखालचा गाळ खाली वाहून जाईपर्यंत थांबल्या. बाटली एकदा विसळली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग पालथी आत बुडवली आणि पाण्याखाली सुलटी केली.

चाचा घाटावर येऊन उभे राहिले होते. कोंडाबाई झाडणं सोडून पायरीवर बसली होती. बुधवारी कचेरीची बाई पाण्यात उतरलेली ती पहिल्यांदाच बघत असावी. तशी मीही पहिल्यांदाच बघत होतो.

मॅडम वर आल्या. पायांवरचं पाणी पुसलंसुद्धा नाही. बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी काढली आणि पायरीवर बसून लिहू लागल्या. तारीख लिहिली, वेळ लिहिली, तापमान लिहिलं. मग समासात, जिथं रकानाच नव्हता, तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बुधवार’.

शेवटचा रकाना होता, ‘नमुना घेण्याचे कारण’. तिथं आमच्याकडे शिक्का मारतात, ‘मासिक तपासणी’. शिक्का पेटीतच होता. मॅडमनी तो हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला.

पेन तसंच रकान्यावर राहिलं.

“चाचा…”

“बोल.”

“कारण काय लिहू? तक्रार लिहू?”

वाऱ्यानं चिठ्ठीचा कोपरा उडत होता, तो चाचांनी वाकून बोटानं दाबून धरला. मग पायरीवर बसलेल्या कोंडाबाईकडे बघितलं.

“तिला नातवाचं नाव विचार.”